ओरोतिनाच्या उन्हात लोकर

ओरोतिना, ३ डिसेंबर २०२३

आई,

चालोकाकाने गाठोडं पोचतं केलं. एवोकॅडोची शेवटची पेटी उतरवून झाली तरी तो ट्रकपाशी घुटमळत होता, तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे. मग सीटखालून त्याने ते बाहेर काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आणि म्हणाला, "कुणी दिलं ते विचारू नकोस, मी शपथ घेतलीय." अगं आई, सुतळीला अशी गाठ सगळ्या सांता मारियात एकच बाई मारते. ती सोडवायला मला लहानपणापासून कात्री लागते.

टोपी, मोजे, स्वेटर आणि पांघरूण. सगळं पिवळ्या लोकरीचं. चिठ्ठी नाही. चार वर्षांत तुझ्याकडून आलेली ही पहिली वस्तू आणि तिच्यासोबत एक शब्द नाही. पण मी तक्रार करत नाहीये. टोपी नाकाला लावली तर तुझ्या चुलीच्या धुराचा वास आला. मग माझ्या केसांच्या दुकानात आलेल्या बाईला अर्धे केस रंगवलेल्या अवस्थेत तसंच बसवलं आणि आत जाऊन रडून घेतलं. बाहेर आले तोवर बाईंचं डोकं गाजरासारखं झालं होतं. सगळं पुन्हा करून द्यावं लागलं.

चालोकाकाच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे तुला सगळं माहीत असणारच. तरी माझ्या तोंडून ऐक. तिचं नाव नोएलिया. सहा महिन्यांची होतेय. नाक बापाचं, ओल्मानचं, म्हणजे बटाटा. कपाळ तुझं; रागावली की मधोमध तीच आठी. खाते, हसते, पाय झाडते. फक्त झोपत नाही. डोळा लागतो न लागतो तोच दचकून उठते, लालबुंद होते आणि घर डोक्यावर घेते. शेजारची फ्लोर म्हणते, "अगं, तीन वर्षं फ्रीजरमध्ये झोपून आलीय ती! तिची झोप कधीच पुरी झालीय." आणि स्वतःच खो खो हसते. मीही हसते. घरात आल्यावर हसू येत नाही.

तेही खरंच आहे, लपवत नाही. पहिल्या खेपेला काही रुजलं नाही. मग करोना आला, सगळं बंद झालं. मग माझ्या गर्भाशयातली गाठ काढावी लागली. तोवर राजधानीतल्या दवाखान्यात तिला भ्रूण असतानाच गोठवून जपलं होतं. जन्माला आली ती एकदम धडधाकट, साडेतीन किलोची.

तुझं सगळं तिला लगेच घातलं. ओल्मान म्हणाला, "बाहेर कुत्री सावली शोधतायत आणि तू टोपी कसली घालतेस?" त्याला काय कळतंय. माप अगदी बरोबर बसलं. न बघता कसं काय जमवलंस?

तुझी,
सिनिया


ओरोतिना, १३ डिसेंबर

आई,

उत्तर नाही. ठीक. चालोकाका पपया भरता भरता म्हणाला, "त्यांनी एवढंच विचारलं, पोर झोपतं का?" म्हणजे माझं पत्र वाचलंस. नाही झोपत. आता तर मीही झोपत नाही, आणि परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांची एका बाजूची मिशीच उडवली.

नोएलियाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोलानो आडनाव, वयाने माझ्याहून लहान, पण हात चांगला आहे. वजन केलं, कानात पाहिलं, छाती ऐकली, पाय ओढून बघितले. सगळं छान म्हणाल्या. मग मी दार लावून घेतलं आणि जे कुणाला विचारत नाही ते विचारलं. "बाई, हे तिला तसं केल्यामुळे तर नाही ना? काचेत, बर्फात?"

त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "सिनियाबाई, अशी मुलं आता मोठी होऊन कामाधंद्याला लागलीत. त्यांच्या तब्येतीवर जगभर लोक नजर ठेवून आहेत. तान्हेपणी ती बाकीच्या बाळांसारखीच झोपतात आणि बाकीच्या बाळांसारखीच झोपत नाहीत. उडते ती आईबापांची झोप. इतकी वाट बघून मिळालेलं असतं ना, म्हणून सारखे जाऊन बघतात, श्वास चालू आहे की नाही."

मी नाकाखाली बोट धरते, आई. श्वास लागला की बरं वाटतं. मग वाटतं, आता तो थांबला असला तर? परत जाते. माझ्या बोटाने ती जागी होते हे मला कळतं, तरी जाते.

तिच्या मानेवर आणि पाठीवर बारीक लाल पुरळ आलंय. ते बघून बाईंनी आणखी दोनचार गोष्टी सांगितल्या, कपड्यांच्या वगैरे. त्या काही विशेष नाहीत.

घरी येताना मला तुझं ते जेवणाचं टेबल आठवलं. मी तुला सांगितलं होतं की आम्ही दवाखान्यात जाणार आहोत, आणि तू वाढता वाढता थांबलीस. "देवाने दार लावलं तर तू खिडकीतून चोरी करणार?" मी म्हटलं, "मग तुझा मोतीबिंदू कुठल्या खिडकीतून काढला?" तू डाव पातेल्यात टाकलास. ओल्मानने आपली बशी हळूच उचलून मोरीत नेऊन ठेवली. बिचाऱ्याने एक घासही खाल्ला नव्हता. त्यानंतर मी फोन केला की तू ठेवून द्यायचीस. म्हणून आता ही पत्रं. पत्र ठेवून देता येत नाही, फार तर चुलीत घालता येतं, आणि तू चुलीत कागद घालत नाहीस, धूर होतो म्हणून.

आणखी एक सांगते. या वर्षी मी बाळ येशूचा गोठा मांडलाय. चार वर्षं मांडला नव्हता. तू तिकडे नाताळ झाल्यावर घरोघर फिरून प्रार्थना सांगतेस, मग लोक आपापला गोठा उतरवतात. माझा कोण उतरवणार? प्रार्थना झाल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत, आणि इथे प्रार्थना सांगणारी बाई नाकात बोलते. तिला मी बोलावणार नाही. दुसरीही कुणी नको. फेब्रुवारी उलटला, ईस्टर आला, तरी गोठा जागचा हलणार नाही. त्यावर कोळ्यांनी जाळी केली तर ती तुझ्या नावावर.

सिनिया


ओरोतिना, २२ डिसेंबर

आई,

दुसरं गाठोडंही मिळालं. जाड पायमोजे आणि आणखी एक पांघरूण, पहिल्यापेक्षा दाट विणीचं. त्यावर पुढे बोलते.

मंगळवारी दुपारी नोएलियाचं अंग भाजायला लागलं. गाल लाल, डोळे अर्धवट मिटलेले, रडायचीसुद्धा थांबली. तिचं रडणं थांबावं म्हणून मी नवस बोलले असते, आणि ते थांबलं तेव्हा मी हातातली कात्री तिथेच टाकली. डोक्याला कागद लावलेली एक बाई खुर्चीत तशीच सोडून मी आणि ओल्मान सरकारी दवाखान्यात पळालो. तिला थंडी लागू नये म्हणून मी तुझं नवं पांघरूणही वरून गुंडाळलं होतं.

तिथली नर्स धिप्पाड, लिमोन बंदराकडची, आवाज असा की औषधाच्या बाटल्या हलाव्यात. तिने पांघरूण काढलं, खाली दुसरं. ते काढलं, खाली स्वेटर. मग मोजे. मग टोपी. प्रत्येक कपडा काढताना ती माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "बाई गं, ही पोर आहे, केळीच्या पानातला तमाल नव्हे! नाताळ आला म्हणून सगळ्यांनाच गुंडाळून उकडायचं का?" रांगेतले लोक हसले. मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तिने ओल्या फडक्याने नोएलियाचं अंग पुसलं, मला म्हणाली अंगावर घे, पाज. मी पाजलं. आणि आई, ती झोपली. लंगोटावर, तिथेच, माणसांच्या गलबल्यात, वजनकाट्याशेजारच्या त्या रबरी गादीवर हात पसरून गाढ झोपली. जन्मल्यापासून अशी झोपलेली मी तिला पाहिली नव्हती.

सोलानोबाई आल्या. रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. फक्त म्हणाल्या, "आपलं बोलणं झालं होतं." ओल्मानने माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर त्याने सगळी लोकर एका पोत्यात भरली आणि विचारलं, "डॉक्टरीणबाईंनी तुला आधीच सांगितलं होतं?" मी हो म्हटलं. तो कधी आवाज चढवत नाही, तुला माहीत आहे. तो बाहेर गेला आणि झाडलेलं अंगण परत झाडत बसला.

तर तुलाही आता खरं सांगते. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं: या हवेत एक पातळ सुती झबलं पुरे, टोपी नको, पाळण्यात पांघरूण नको, उशी नको, उताणी झोपवा. पाठीवरचं ते पुरळ म्हणजे घामोळं. ऐकताना मी मान हलवली. घरी येऊन टोपी परत घातली. का, तर ती तू विणली होतीस. तू तिला हात लावायला येणार नाहीस, तर निदान तुझ्या हातचं काहीतरी तिच्या अंगावर असावं. टोपी काढली की मला वाटायचं मी तुझा हात बाजूला सारतेय. आधी माझ्या बोटाने आणि मग या वेडापायी घामाघूम होऊन पोर उठत होती आणि मी खापर फोडत होते बर्फावर.

हे झालं माझं. आता तुझं. तुला ओरोतिनाची हवा माहीत आहे. माझ्या लग्नात तू चर्चच्या पायरीवर बसून म्हणालीस, "इथे देवसुद्धा पंखा लावून बसत असेल." मग लोकर का पाठवलीस? एकदा नाही, दोनदा. दोन दिवस मी वाईट वाईट विचार करतेय. ते मी लिहिणार नाही, पण तुला समजतील. तुला माझी मुलगी नको असेल तर तसं लिही. मी वाचेन. पण न बोलता गाठोडी पाठवू नकोस, मला त्यांचा अर्थ लावता येत नाही.

सिनिया


सांता मारिया, २९ डिसेंबर

सिनिया,

चालोने पत्र दिलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं.

आधी ती लोकर सगळी काढून टाक. ओल्मानने पोत्यात भरली ते बरं केलं. जाळली तरी चालेल. हे करून आलीस की पुढचं वाच.

मी म्हातारी झालेय, दुष्ट झालेली नाही. असला विचार तुझ्या मनात आला याचं मला वाईट वाटलं. पण तो यावा असंच मी वागले, तेव्हा गप्प बसते.

ऑगस्टात कॉफीच्या झाडांखाली गवत काढत होते. चालो कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "ओदिलियाबाई, तुमची नात तीन वर्षं बर्फात होती म्हणे." मी त्याला विळा दाखवला. तो पळाला. पण त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. प्रार्थना सांगताना चुकते. जपमाळेचा मणी बोटांत राहतो आणि पुढचं आठवत नाही. लोकांना वाटतं, वय झालं. माझ्या डोक्यात एकच: तीन वर्षं. तिथे तिच्याजवळ कोण होतं?

फादरना विचारलं. ते म्हणाले, हे पाप आहे. मी म्हटलं, पापाचं मला सांगू नका, असल्या दवाखान्यांविरुद्धच्या तुमच्या त्या कागदावर सह्या मीच गोळा केल्या होत्या. मी विचारतेय, तिला थंडी वाजली असेल का? ते म्हणाले, ओदिलियाबाई, घरी जाऊन विश्रांती घ्या.

तू जन्मलीस तेव्हा डोंगरावर दंव पडलं होतं. तुझे बाबा चुलीत लाकडं सारत बसले होते आणि मी तुला पोटाशी धरून. तुझे ओठ निळे पडतात की काय याची मला सारखी धास्ती. नाकाखाली बोट मीही धरायचे. एवढं करून तू एकाच थंडीतून निघालीस. हिच्या तीन. मला वाटलं, इतका गारठा हाडात शिरलेलं पोर पातळ झबल्यात कशी ऊब धरणार? म्हणून विणायला बसले. झोपत नाही असं कळलं तेव्हा वाटलं, अजून गारठलेलीच आहे, म्हणून आणखी विणलं. ओरोतिना, ऊन, पंखा, काही आठवलं नाही गं. मला नुसता बर्फ दिसत होता.

चिठ्ठी घातली नाही, कारण काय लिहायचं ते कळेना. जे बोलले ते मागे घेता येत नव्हतं आणि ते तसं ठेवून पोरीची चौकशी करता येत नव्हती.

त्या तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार, तिथे त्यांना थंडी वाजते का. नीट विचार, मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस.

आणखी एक. तिथे अजून कुणी राहिलंय का? खोटं लिहू नकोस. खोटं लिहिताना तुझं अक्षर सुबक येतं.

आई


ओरोतिना, ८ जानेवारी २०२४

आई,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीत बसले ते बसलेच. ओल्मानने विचारलं, "काय झालं?" मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने वाचला, घडी घातली, नाक पुसलं आणि पोत्यातून ती पहिली टोपी काढून धुऊन दोरीवर वाळत घातली. घालायची नाही, पण टाकायचीही नाही असं त्याचं म्हणणं असावं.

सोलानोबाईंना विचारलं. मला वाटलं हसतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमच्या आईंना सांगा, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही." मग नीट समजावलं. गोठवतात तेव्हा ते मिठाच्या कणाहून लहान असतं. कातडी नाही, नसा नाहीत, मेंदू नाही. थंडी वाजायला जे जे लागतं त्यातलं काहीही अजून झालेलं नसतं. तिला थंडी वाजली नाही, आई. एकदाही नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये; माझं अक्षर बघ, कोंबडीचे पाय.

आता ती झोपते. पातळ झबलं, रिकामा पाळणा, कोपऱ्यात पंखा. दुपारी दुकानात केस वाळवायची यंत्रं घोंगावतात, बायका गावभरच्या कुचाळक्या करतात, आणि ही आत ढाराढूर. घामोळंही गेलं. फ्लोरला मी सांगितलं, "फ्रीजरमधली झोप संपली, आता नवी सुरू झाली." मी दाराशी उभी राहून बघते, बोट लावत नाही. फारसं लावत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. दोन दिवस मी तो नजरेआड करत होते.

हो. एक आहे.

नोएलियाबरोबरचंच, त्याच दिवशीचं. दरवर्षी दवाखान्यातून फोन येतो, ठेवायचं का म्हणून. मी हो म्हणते आणि ओल्मान विषय बदलतो. मी एक्केचाळीस वर्षांची आहे. पोटावर गाठीच्या ऑपरेशनची खूण आहे, त्यावर नोएलियाची. पण खरं कारण ते नाही. जिला इतकी मागून घेतली तिला मी झोपवूसुद्धा शकले नाही. उलट जिवावर बेतवलं असतं. असल्या बाईने आणखी एक कशाच्या जोरावर मागायचं? आणि नको म्हणायलाही तोंड उघडत नाही.

तू म्हणशील, एक पाप होतं, त्याला जोड आणलीस. म्हण. मी तयार आहे. पण तू विचारलंस आणि मी खोटं लिहिलं नाही.

गोठा तसाच आहे. एका मेंढीचा पाय मोडलाय, मांजराने.

सिनिया


सांता मारिया, १६ जानेवारी

सिनिया,

शनिवारी चालोच्या ट्रकने येते. त्याला सांगितलंय, वाटेत बडबड केलीस तर एवोकॅडोच्या पेट्यांवर जाऊन बसेन.

प्रार्थना मी सांगणार, गाणीही मी धरणार. शेजाऱ्यांना वेळेवर यायला सांग. अंड्या-दुधाच्या रोम्पोपेत रम बेताने घाल, नाहीतर शेवटच्या गाण्यापर्यंत सगळे रडायला लागतात. ओल्मानला म्हणावं, त्याच्यासाठी जेवण आणतेय आणि ते तो बसून, सगळं, माझ्यासमोर खाणार आहे.

लोकर आणत नाही. सुती कापड घेतलंय, फिकं निळं. पोरीचं माप तिथे येऊन, तिला मांडीवर घेऊन घेईन.

आता त्या दुसऱ्याचं. फादरना विचारलं नाही आणि विचारणारही नाही. ते बिचारे पुस्तकात असेल ते सांगतील, आणि मला ते पाठ आहे. तुम्ही केलंत ते मला अजून पटलेलं नाही. वर गेल्यावर देवाला विचारीन, त्यालाही मला बरंच काही सांगावं लागेल.

पण डॉक्टरीणबाई म्हणतात, थंडी वाजत नाही. मानलं. त्या शिकलेल्या आहेत. मला नुसतं एवढंच वाटतं की बहीण इथे ढाराढूर झोपलीय आणि ते तिथे एकटं आहे.

तुझं पोट दोनदा चिरलंय, ते मला कळतं. तुला जमणार नसेल तर नाही जमणार. मी एक अक्षर काढणार नाही, मग माझ्याशी भांडायचं कारण तुला दुसरं शोधावं लागेल. पण झोपवता येणार नाही एवढ्याचसाठी भीत असशील, तर भिऊ नकोस. आण त्याला. जागायला मी आहे.

आई